ट्रक चढावर अचानक दम का सोडतो? बीएस ६ इंजिनाच्या दुखण्यामागचं कारण काय?

माल भरलेला ट्रक घाट चढतोय. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलाय, पण गाडी पिकअप घेत नाही. थोडी अडखळते, पुन्हा चालते आणि मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये इंजिन उघडलं, तर आत काहीच बिघडलेलं नसतं. मग ताकद गेली कुठे?

अनेकदा उत्तर इंजिनात नसतं. ते धूर स्वच्छ करणाऱ्या यंत्रणेत असतं.

बीएस ६ मुळे काय बदललं?

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ नियम लागू झाले. जड वाहनांच्या डिझेल इंजिनासाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा प्रति किलोवॉट-तास ३.५ ग्रॅमवरून ०.४ ग्रॅमच्या आसपास आली. डिझेलमधल्या गंधकाची मर्यादाही ५० पीपीएमवरून १० पीपीएम झाली.

इतकी घट फक्त इंजिन सुधारून होत नाही. त्यासाठी साधारणपणे तीन गोष्टी लागतात. थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह, काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आणि युरियाच्या द्रावणाने नायट्रोजन ऑक्साइडचं साध्या नायट्रोजन आणि पाण्यात रूपांतर करणारी एससीआर यंत्रणा. या द्रावणाला डीईएफ म्हणतात.

अडखळण्याचं कारण कसं ओळखायचं?

गाडी कमी आरपीएमवर अडखळत असेल आणि काळा धूर येत असेल, तर ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकल्याची शक्यता असते.

ताकद हळूहळू कमी होत गेली आणि डिझेल जास्त लागू लागलं, तर डीपीएफ तुंबलेला असू शकतो. हा फिल्टर साचलेली काजळी सुमारे ५५० ते ६०० अंश तापमानाला जाळून स्वतःला साफ करतो. शहरात रखडत, थांबत चालणाऱ्या गाडीला तेवढं तापमान मिळत नाही. सफाई सुरू असताना चालकाने इंजिन बंद केलं, तर ती अर्धवट राहते.

दिवा लागल्यानंतर ताकद ठरावीक प्रमाणात कमी झाली, तर एससीआरकडे पाहावं लागतं. डीईएफ संपत आलं, भेसळीचं निघालं किंवा नॉक्स सेन्सर बिघडला, तर संगणक मुद्दाम इंजिनाला आवर घालतो. युरोपच्या ज्या युरो ६ नियमांवर बीएस ६ बेतलेलं आहे, त्यात आधी टॉर्क २५ टक्क्यांनी कमी करायचा आणि तरीही दुरुस्ती झाली नाही तर वेग ताशी २० किलोमीटरवर आणायचा, अशी तरतूद आहे.

दिवा लागलाच नसेल, तर आधी डिझेल फिल्टर, एअर फिल्टर आणि टर्बोचे पाईप तपासणं स्वस्त पडतं. दिवा असेल तर पार्ट बदलण्याआधी स्कॅनरवर फॉल्ट कोड वाचून घ्यायला हवा. महागडा सेन्सर बदलल्यावर दोष साध्या वायरिंगचा होता, असंही निघू शकतं.

शेतीचा युरिया चालतो का?

नाही. डीईएफमध्ये ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी असतं. शेतीच्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो आणि त्यात अशुद्धीही असतात. त्याने इंजेक्टर तुंबतो आणि कॅटॅलिस्ट खराब होतो. शिवाय अनुदानामुळे शेतकऱ्याला ४५ किलोची गोणी पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते. ती कारखान्याकडे वळली, की तोटा सरकारी तिजोरीचा आणि टंचाई शेतकऱ्याच्या वाट्याला.

चांगलं डीईएफही उन्हात ठेवलं तर लवकर खराब होतं. ३० अंशांपर्यंत ते साधारण वर्षभर टिकतं, ३५ अंशांना सहा महिने. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ठेवलेल्या बादलीचं काय होत असेल, याचा अंदाज यावरून येतो.

मग यंत्रणाच बंद केली तर?

हा जुगाड सर्रास सुचवला जातो. संगणकाला 'सगळं ठीक आहे' असा खोटा संदेश दिला, की गाडी पळते. डिझेल गाडीची पीयूसी चाचणी धुराचा दाटपणा मोजते, नायट्रोजन ऑक्साइड नाही. त्यामुळे चोरी सहसा पकडली जात नाही. पण ती बेकायदा आहे. प्रदूषणाच्या नियमभंगासाठी मोटार वाहन कायद्यात १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आणि तो वायू सर्वात आधी जातो तो महामार्गालगत राहणाऱ्यांच्या आणि स्वतः चालकाच्या फुप्फुसात.

तोडगा काय?

अमेरिकेत हाच वाद पेटला होता. तिथे डीईएफ यंत्रणेत दोष आला तर काही तासांत वेग ताशी ५ मैलांपर्यंत खाली येऊ शकत असे. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने कंपन्यांना सॉफ्टवेअर बदलून चालकाला जास्त मुदत द्यायला सांगितलं.

नियमाचा हेतू योग्य आहे. प्रश्न शिक्षा कुणाला होते, हा आहे. डीईएफ टाकायचं टाळणारा आणि सेन्सर बिघडल्यामुळे अडकलेला, दोघांनाही संगणक सारखंच वागवतो. हप्ते भरणाऱ्या एका ट्रकच्या मालकासाठी दोन दिवस गाडी उभी राहणं म्हणजे भाडं बुडणं. त्याला जवळच्या गॅरेजमध्ये स्कॅनर आणि पंपावर खात्रीचं डीईएफ मिळालं, तर जुगाडाचं आकर्षण आपोआप कमी होईल.