गेलेल्याची जागा

मैत्रिणींनो, रॉक संगीत म्हटलं की आपण आधी मुलांच्या खोलीचं दार लोटून घेतो. पण आजची गोष्ट गोंगाटाची नाही, दुःखाची आहे. आणि तिची सुरुवात चक्क शिवणयंत्रापासून होते बरं का!

सिडनीच्या माल्कम आणि अँगस यंग या भावांनी १९७३ साली बँड काढला. नाव सुचवलं त्यांच्या बहिणीनं, मार्गारेटनं. शिवणयंत्रावर ‘एसी/डीसी’ अशी अक्षरं होती, तीच तिनं उचलली. (बँड जगभर गाजला; मार्गारेटचं नाव किती जणांना माहीत आहे? असो.) पुढच्याच वर्षी बॉन स्कॉट हा गायक येऊन मिळाला. हळूहळू नाव झालं, आणि १९ फेब्रुवारी १९८० रोजी बॉन लंडनमध्ये अतिमद्यपानानं गेला. वय अवघं ३३.

बँड बंदच करावा, असं भावांच्या मनात आलं. पण ‘थांबू नका’ म्हणून आग्रह धरला तो बॉनच्या आईवडिलांनी! आपल्याकडे वर्षभर सण बंद असतो, घरातली सून जरा हसली तरी कुजबुज होते. इथे ज्यांचा मुलगा गेला त्यांनीच मोकळीक दिली. दुसऱ्या कोणी दिली असती, तर त्या पोरांच्या मनाला टोचणी राहिलीच असती, असं मला वाटतं.

नवा गायक आला इंग्लंडचा ब्रायन जॉन्सन. तेव्हा तो मोटारींच्या टपांचं काम करून पोट भरत होता. पूर्वी कधीतरी बॉननंच त्याच्या गाण्याची तारीफ केली होती. बहामा बेटांवर, नासाऊला, एप्रिल-मेमध्ये रेकॉर्डिंग झालं. गाणी नवी, आणि शब्द लिहायलाही ब्रायनला बरोबर घेतलं. मला हे फार मोलाचं वाटतं. नाहीतर पहिलीच्या जागी आलेल्या दुसरीला आपण काय काय ऐकवतो! ‘ती आमटी अशी करायची, ती असं बोलायची...’ त्या बिचारीनं स्वतःचं म्हणून काही करायचं तरी कधी?

पण म्हणून बॉनला विसरले का? छे! पहिल्याच गाण्याआधी घंटेचे संथ टोल पडतात. ती भलीमोठी घंटा इंग्लंडात लफबरोच्या कारखान्यात मुद्दाम ओतवून घेतली होती. रेकॉर्डचं वेष्टन सगळं काळं, सुतकाचं. कंपनी कुरकुरली, तेव्हा बँडच्या नावाभोवती करडी रेघ तेवढी आली. जुलै १९८० मध्ये ‘बॅक इन ब्लॅक’ बाजारात आली. एकट्या अमेरिकेत तिचा खप अडीच कोटींच्या वर गेला आहे.

पुन्हा तीच वेळ आली ती घरातच. माल्कमला स्मृतिभ्रंश झाला. २०१४ साली त्यानं बँड सोडला आणि त्याच्या जागी पुतण्या स्टीव्ही उभा राहिला. १८ नोव्हेंबर २०१७ रोजी माल्कम गेला. पण दोघा भावांनी मिळून जमवलेल्या चाली शिल्लक होत्या. त्यांतूनच २०२० मध्ये ‘पॉवर अप’ हा अल्बम निघाला, माल्कमच्या स्मृतीला अर्पण केलेला. त्यातल्या प्रत्येक गाण्याखाली दोन्ही भावांची नावं आहेत.