सभा चालते, मग वारी का नाही?

२०२१ मध्ये आषाढीच्या आधी दवाखान्यात एका वारकरी आजोबांनी विचारले, "डॉक्टर, एप्रिलमध्ये पंढरपुरात पोटनिवडणुकीच्या सभा झाल्या. तेव्हा कोरोना झोपला होता का? मग यंदाही माउलींच्या पादुका एस.टी.नेच का न्यायच्या?"

तुमच्याही मनात तेव्हा हा प्रश्न आला असेल. माझे मत स्पष्ट सांगतो. आजोबांचा राग रास्त होता. दुसरी लाट चढत असताना भरलेल्या सभा चुकीच्याच होत्या, मग त्या कोणत्याही पक्षाच्या असोत. पण एक चूक झाली म्हणून दुसरी गर्दी सुरक्षित ठरत नाही. विषाणू झेंड्याचा रंग पाहत नाही.

उघड्या रस्त्यावर चालताना धोका तुलनेने कमी असतो. पण वारी म्हणजे नुसते चालणे नव्हे. राहुटीत दाटीने झोपणे, पंगतीत मास्क काढून जेवणे आणि मोठ्याने भजन म्हणणे हेही त्यात आले. अशा वेळी एकाच्या तोंडातून उडणारे सूक्ष्म थेंब शेजाऱ्याच्या श्वासात सहज जातात. त्यात आजोबांना मधुमेह होता आणि लसीचा एकच डोस झालेला होता.

मी म्हटले, "माउली, नेत्यांना जाब जरूर विचारा, मत देताना विचारा. पण तो राग स्वतःच्या फुप्फुसांवर काढू नका."

वाचकहो, म्हणूनच २०२१ मध्ये २० जुलैची आषाढी घरीच साजरी करणे योग्य होते. आषाढीचा उपवास करणार असाल तर मधुमेहाच्या गोळ्यांबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.  विठ्ठल पुढच्या वर्षीही विटेवरच असणार होता. त्याला भेटायला आपण असायला हवे होते.