सही वॉशिंग्टनात, भुर्दंड शेतकऱ्याला

अमेरिकेच्या अध्यक्षाच्या सहीचा आणि खळ्यावरच्या धान्याचा संबंध काय, असे तुम्ही म्हणाल. संबंध आहे, आणि तो खुद्द अमेरिकेतल्या शेतकऱ्याने भोगला आहे.

डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या. ४ जानेवारी १९८० रोजी अध्यक्ष कार्टर यांनी रशियाला जाणारे सुमारे १ कोटी ७० लाख टन धान्य रोखले. संसदेत नवा कायदा करावा लागला नाही. परराष्ट्र धोरण व सुरक्षेसाठी निर्यात थांबवण्याचा अधिकार १९७९ च्या कायद्याने त्यांच्या हाती दिलेलाच होता.

झाले काय? रशियाने अर्जेंटिना वगैरे देशांकडून धान्य घेतले. फौजा काही हटल्या नाहीत. त्या परतल्या १९८९ साली. इकडे भाव सावरायला अमेरिकी सरकारलाच धान्य खरेदी करावे लागले. शेवटी एप्रिल १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी बंदी उठवली.

ऑगस्ट २०२५ मध्ये रशियन तेलाचे कारण दाखवून भारतीय मालावर २५ टक्के जादा आयातशुल्क लावणारा आदेशही अध्यक्षांच्या सहीचाच होता.

संकटात झटपट निर्णय घ्यायला असा अधिकार लागतो, हे कबूल. पण ज्याच्या मालावर घाव बसतो, त्याच्या भरपाईची सोयही त्याच सहीत हवी. सुरक्षा साऱ्या देशाची, मग तिची किंमत एकट्या शेतकऱ्याने का मोजायची?