संकलकाच्या दारातली देणगी

साहित्याच्या माणसाला 'संकलक' म्हटले की ओव्या जमवत गावोगाव फिरणारा अभ्यासक आठवतो. संगणकाच्या जगात संकलक म्हणजे कंपायलर : माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरवणारी दुसरी आज्ञावली. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1987 साली जगापुढे ठेवलेला 'जीसीसी' हा त्यातला नामांकित मुक्तस्रोत कंपायलर. त्याच्या दारात लोक आपापल्या 'लायब्रऱ्या', म्हणजे वारंवार लागणाऱ्या कामांचे तयार संच, घेऊन उभे राहतात. काहींना प्रवेश मिळतो, काहींना नाही. नकार आला की आपल्याकडे हमखास ऐकू येते : "फुकट दिले तरी यांचा ताठा पाहा!"

हा सूर मला मान्य नाही. त्याच्या मुळाशी 'योगदान' या शब्दातील 'दाना'ला भुलण्याची आपली खोड आहे. दान दिले की देणारा मोकळा होतो, अशी आपली समजूत. लायब्ररीचे तसे नाही. ती कंपायलरात गेली की प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर तिला जुळवून घ्यावे लागते, निरनिराळ्या यंत्रांवर तपासावे लागते, तिच्यातले दोष निस्तरावे लागतात. घेणाऱ्याच्या घरात एक माणूस वाढतो.

पालघर-बोईसरच्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारल्या आणि 1969 साली त्या वीज देऊ लागल्या. ती देणगी नव्हती, रीतसर करार होता. तरीही 1974 च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकी इंधनाचा प्रश्न चिघळत गेला आणि 1980 च्या दशकात फ्रान्सकडे वळावे लागले. उभारणारे दूर राहिले. भट्ट्या चालत्या ठेवण्याचा भार इथल्या अभियंत्यांवर आणि कामगारांवर पडला.

जीसीसीतही हेच घडले. समांतर गणनेसाठी इंटेलने दिलेली 'सिल्क प्लस' ही सुविधा तिच्या लायब्ररीसह 2014 च्या 4.9 आवृत्तीत आली. पुढे इंटेलचाच तिच्यातला रस संपला आणि 2018 च्या आठव्या आवृत्तीतून ती काढून टाकावी लागली. देणारा केवढा थोर! पण थोरवीने देखभाल होत नाही.

येथवर मी दारावरच्या माणसाच्या बाजूचा. पुढे मात्र नाही. 2021 पर्यंत जीसीसीला लक्षणीय भर घालू पाहणाऱ्याला आपला स्वामित्वहक्क फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे करून द्यावा लागे. नोकरदार असल्यास पुष्कळदा मालकाचे हक्कसोडपत्रही लागे. समजा, बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत पाळी संपवून रात्री आज्ञावली लिहिणारा एखादा तरुण आहे. तो ही सही कुणाकडे मागणार? इंटेलकडे वकील असतात, त्याच्याकडे फक्त काम असते. कायदेशीर संरक्षणाचा हेतू मी नाकारत नाही; पण ही चाळणी सांभाळण्याची तयारी जोखत नव्हती, कागद जमवण्याची ऐपत जोखत होती. जून 2021 मध्ये साध्या स्वाक्षरीच्या घोषणापत्राचा पर्याय आला. फार उशिरा आला, असेच मी म्हणेन.

आणि आपण? आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीसीसी 4.3.0 साठी 'जीडीएफए' हा विश्लेषक रचला आणि पॅचच्या, म्हणजे वरून जोडायच्या ठिगळाच्या, रूपात खुला केला. शिकवण्यासाठी हे काम मोलाचे. पण कंपायलर पुढे सरकतो आणि ठिगळ जुन्या मापाचेच राहते. विद्यार्थी पदवी घेऊन पांगतात, प्रकल्प संपतात. पुढच्या आवृत्तीला ते बेतण्याचे काम कुणाच्याच नोकरीत मोडत नाही, कुणाच्याच प्रबंधात बसत नाही. आपली विद्यापीठे निर्मितीला पदवी देतात. जतनाला काय देतात?

साहित्याच्या अध्यापकांनी हा प्रश्न संगणकवाल्यांचा म्हणून झटकू नये. कोश, सूची, संहिता यांची आपल्याकडची अवस्था याहून निराळी नाही. प्रकाशन समारंभाला सभागृह भरते. दुसऱ्या आवृत्तीच्या दुरुस्त्यांना कोण बसते? तेव्हा यापुढे कुणी 'मोलाचे योगदान' असे म्हणाले, तर मागच्या बाकावरून एवढेच विचारावे : दहा वर्षांनी याची चूक दुरुस्त करायला कोण असेल, आणि त्याचा पगार कोण देईल?