खुर्ची मापाची हवी

रमजानच्या सुमारास आपल्या अनेक मोहल्ल्यांत व्हीलचेअर वाटपाचे कार्यक्रम होतात. घडीच्या दहा-वीस सारख्याच खुर्च्या, समोर लाभार्थी, मागे बॅनर. देणाऱ्यांची नियत चांगली असते, पैसाही कष्टाचा असतो. पण उंचापुरा तरुण, ऐंशीच्या घरातली दादी आणि सेरेब्रल पाल्सी असलेला आठ वर्षांचा मुलगा या तिघांना एकाच मापाची खुर्ची कशी चालेल? ईदला तिघांसाठी एकाच मापाचा कुर्ता आपण कधी शिवला आहे का?

मापाबाहेरचा कुर्ता फक्त वाईट दिसतो, मापाबाहेरची खुर्ची इजा करते. बैठक फार रुंद असेल तर माणूस एका बाजूला कलतो, कणा वाकतो आणि चाकापर्यंत हात नीट पोचत नाही. बैठक फार खोल असेल तर कड गुडघ्यामागे रुतते आणि माणूस पुढे घसरत राहतो. मणक्याला इजा झालेल्यांना बऱ्याचदा कमरेखाली संवेदना नसते. एकाच जागी दाब पडून जखम होते आणि त्यांना ती कळतही नाही. अशी जखम चिघळून जीव जाऊ शकतो. म्हणून त्यांच्यासाठी दाब कमी करणारी गादी चैनीची वस्तू नसून खुर्चीचाच भाग आहे.

प्रकारही गरजेप्रमाणे बदलतो. हातांत ताकद असलेल्या आणि रोज कॉलेजला किंवा कामाला जाणाऱ्या तरुणाला हलकी, स्वतः ढकलता येणारी खुर्ची हवी. दवाखान्यातली जड खुर्ची त्याला कायम कुणाच्या तरी भरवशावर ठेवते. अर्धांगवायू झालेली व्यक्ती एक हात आणि एक पाय वापरून खुर्ची चालवू शकते, पण त्यासाठी बैठक पाय जमिनीला टेकेल इतकी खाली असावी लागते. ज्या मुलाला मान सावरता येत नाही, त्याला डोक्याला आणि पाठीला आधार देणारी, मागे कलणारी खुर्ची लागते. हातही कमजोर असतील तर बॅटरीवरची. हाताने चालवायची तीनचाकी रस्त्यावर दूर जायला उत्तम, पण घरात निरुपयोगी.

घराचेही माप घ्या. साध्या खुर्चीची एकूण रुंदी ६५ सेंटिमीटरच्या आसपास असते आणि आपल्या चाळींतले, जुन्या घरांतले मोरीचे दार अनेकदा त्याहून अरुंद असते. खुर्ची मोरीपर्यंत जात नसेल, तर वुजूसाठीसुद्धा दुसऱ्याला हाक मारावी लागते.

यात नवे काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या. तपासणी, माप, बसवून पाहणे, वापरणाऱ्याला शिकवणे आणि नंतरची देखभाल हे सगळे त्यात खुर्ची देण्याचेच भाग मानले आहेत. मुंबईत हाजी अलीजवळ केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. तिथे याच विषयातले डॉक्टर आणि थेरपिस्ट भेटतात. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचा दाखला असेल आणि उत्पन्नाची अट पूर्ण होत असेल, तर केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून साधने मिळतात. दाखला आणि यूडीआयडी कार्ड काढताना पायपीट होते. त्या कामात सोबत जाणे, ऑनलाइन अर्ज भरून देणे हे आपल्यासारख्या शिकलेल्या तरुणांना सहज जमण्यासारखे आहे.

म्हणून या वर्षी आपल्या ट्रस्टकडे, मशिदीच्या कमिटीकडे तीन गोष्टींचा आग्रह धरा. एक, वाटपाआधी फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून प्रत्येकाची तपासणी आणि माप. दोन, खुर्च्या कमी झाल्या तरी चालतील, पण गादी, टायर आणि दुरुस्तीसाठी पैसे बाजूला ठेवावेत. तीन, सहा महिन्यांनी घरी जाऊन विचारपूस. आणि पहिला प्रश्न खुर्ची वापरणाऱ्यालाच विचारा: तुम्हाला कुठे जायचे आहे? बहुतेकदा तो प्रश्न अम्मी-अब्बांना किंवा भावाला विचारला जातो आणि खुर्चीत बसणारा नुसता ऐकत राहतो.

त्याचे उत्तर ‘मशिदीत’ असे आले, तर पायऱ्यांकडेही पाहावे लागेल. एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार लागतो. त्याचा खर्चही याच वर्गणीत धरायला हवा.