न वाजणाऱ्या खर्जाची किंमत

ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम संपला की रसिकांची गर्दी आधी गायकाभोवती होते, मग लीड गिटारवाल्याभोवती. एखादा हौशी माणूस ढोलकीवाल्याचा हात हातात घेऊन ‘काय वाजवलंत!’ असंही म्हणतो. ड्रम्सच्या शेजारी उभं राहून चार जाड तारांची लांबलचक गिटार वाजवणारा माणूस तोवर आपली वायर गुंडाळत असतो. त्याच्याकडे फारसं कुणी जात नाही आणि त्यालाही त्याचं फार वाईट वाटत नाही. त्याचं काम लक्षात येतं ते तो थांबला तरच. चालू गाण्यात बेस गिटारची वायर निघाली, तर ज्याला स्वरांतलं काही कळत नाही त्यालाही गाणं एकदम पोकळ झाल्याचं जाणवतं. डग्गा बाजूला ठेवून नुसता तबला वाजवावा, तसं.

बेस गिटार म्हणजे वाद्यवृंदाचा खर्ज. तिची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला सुमारे ४१ कंपनं होतात. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला एवढा खालचा स्वर पेलत नाही. त्यामुळे मोबाइलवर गाणी ऐकत वाढलेल्या मुलांना हे वाद्य खऱ्या अर्थानं भेटतं ते प्रत्यक्ष कार्यक्रमात, पोटात हलकासा धक्का बसतो तेव्हा. त्यातली काही मुलं त्या रात्री घरी येऊन हट्ट धरतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे आईवडील माझ्यासारख्याला फोन करतात.

मी बँकेतली नोकरी सांभाळून गेली तीसेक वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. गणेशोत्सव, लग्नाचे हॉल, बँकांची स्नेहसंमेलनं, सगळीकडे वाजवून झालं. त्यामुळे ओळखीपाळखीत ‘बेसचं काही असेल तर यांना विचारा’ अशी माझी ख्याती झाली आहे. फोन दोन प्रकारचे येतात. पहिला, ‘कुठली घेऊ?’ आणि दुसरा, ‘घरात एक पडून आहे, किती येतील?’ गेल्या काही वर्षांत या दुसऱ्या प्रश्नाचा सूर बदलला आहे. पूर्वी तो अडचणीचा असायचा. आता त्यात लॉटरी लागल्याची आशा असते, कारण जुन्या गिटारला परदेशात काय भाव येतो हे फोन करणाऱ्यानं कुठंतरी वाचलेलं असतं. वाजवणार कोण, हे मात्र दोन्ही प्रकारच्या फोनवर क्वचितच कानावर पडतं. मला आज त्याविषयीच लिहायचं आहे.

या वाद्याचा जन्म आठवला तर ही किमतीची चर्चा किती उलटी आहे ते कळतं. बेस गिटार लोकांपर्यंत पोचवली ती कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावच्या लिओ फेंडर नावाच्या माणसानं. हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याच्या दुकानात येणाऱ्या वादकांची तक्रार एवढीच होती, की माणसाहून उंच असा तो डबल बेस गाडीत मावत नाही आणि ड्रम्स नि इलेक्ट्रिक गिटारच्या गदारोळात ऐकूही येत नाही. फेंडरनं १९५१ साली त्यावर उतारा काढला. गळ्यात अडकवता येईल असा लाकडाचा भरीव तुकडा, त्यावर चार तारा, खाली चुंबकाचा पिकअप आणि सतारीच्या पडद्यांसारखे फ्रेट. फ्रेटमुळे सूर नेमका लागतो म्हणून नाव ठेवलं ‘प्रिसिजन’. नेक आणि अंग त्यानं स्क्रूनं जोडलं, म्हणजे नेक बिघडली तर चार स्क्रू काढायचे आणि दुसरी बसवायची. सुताराच्या रंध्यासारखं, शिंप्याच्या मशीनसारखं हे कामाचं हत्यार होतं. झिजावं, दुरुस्त व्हावं आणि पुन्हा कामाला लागावं, याच हिशेबानं ते घडवलेलं होतं.

ज्यांनी हे वाद्य मोठं केलं त्यांनीही ते हत्यारासारखंच वापरलं. पॉल मॅकार्टनीनं १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये व्हायोलिनच्या आकाराची हॉफ्नर बेस घेतली, कारण फेंडर त्याच्या खिशाला परवडत नव्हती आणि ही सुमारे ३० पौंडांत मिळत होती. शिवाय दोन्ही बाजूंनी सारखी असल्यामुळे डावखुऱ्या माणसानं उलटी धरली तरी ती विचित्र दिसत नव्हती. अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत जेम्स जेमर्सन हा वादक १९६२ सालची एक प्रिसिजन घेऊन वर्षानुवर्षं वाजवत राहिला, उजव्या हाताच्या एकाच बोटानं. तारा तुटल्याशिवाय तो बदलत नसे. त्याच्या खर्जावर उभी असलेली गाणी जगभर गेली, पण कंपनीच्या तबकड्यांवर वादकांची नावं छापली जात नसत. मार्विन गे यांच्या १९७१ सालच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर त्याचं नाव छापून आलं, तोवर त्याचं बहुतेक मोठं काम होऊन गेलं होतं.

आपल्याकडेही फार वेगळं घडलं नाही. हिंदी चित्रपटसंगीताचा खर्ज ज्यांनी सांभाळला त्यांत गोव्याचे वादक बरेच होते. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवत. त्या गाण्यांचे मुखडे आपल्याला पाठ आहेत. खालून चाललेला बेस आपण गुणगुणत नाही, पण तो काढला तर ती गाणी ओळखू येणार नाहीत.

१९९१च्या आधी परदेशी वाद्य मिळणं म्हणजे नशिबाचाच भाग होता. कुणाचा भाऊ बोटीवर, कुणाचा मेव्हणा आखातात, त्यांच्याबरोबर एखादी गिटार यायची आणि मग वीस वर्षं या हातातून त्या हातात फिरायची. धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानांपाशी कोण काय विकतोय याची बातमी वर्तमानपत्राच्या आधी पोचायची. अदलाबदल चालायची, वर थोडे पैसे द्यायचे, अँप आणि गिटार यांचा एकत्र सौदा व्हायचा. एकच बेस तीन ऑर्केस्ट्रांत वाजलेली मी पाहिली आहे. मालक बदलत, वाद्य वाजत राही.

आता पैसे असतील तर वाटेल ते मिळतं. वीस-पंचवीस हजारांच्या आसपास शिकायला उत्तम नवी बेस येते आणि ही फार चांगली गोष्ट आहे. पण याच सुबत्तेनं एक नवी जमात जन्माला घातली आहे. हे लोक दर चार महिन्यांनी बेस बदलतात. कुठल्या लाकडाचा आवाज गोड, कुठल्या सालचा पिकअप अस्सल, यावर तासन्‌तास बोलतात. ‘एखादं गाणं वाजवा’ म्हटलं, की वायर सापडत नाही. दुसरीकडे १९६०च्या दशकातल्या, मूळ रंगरूप शाबूत असलेल्या फेंडर बेस अमेरिकेत दहा हजार डॉलर आणि त्याहूनही जास्त किमतीला विकल्या जातात. जी जितकी कमी वाजलेली, कमी झिजलेली, तिची किंमत जास्त. झिजण्यासाठी घडवलेलं हत्यार न झिजल्याबद्दल बक्षीस मिळवतं!

तुम्ही म्हणाल, पैसे त्यांचे, हौस त्यांची, तुमच्या पोटात का दुखतं? प्रश्न रास्त आहे. अदलाबदलीला माझा मुळीच विरोध नाही. हात लहान असेल तर रुंद नेक त्रास देते. चार किलोचं वजन तीन तास खांद्यावर घेऊन उभं राहिलं, की हलक्या बेसची किंमत कळते. चार वाद्यं हाताखालून गेल्याशिवाय आपलं कुठलं ते समजत नाही आणि जुनं विकून नवं घेणं हा त्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. म्हणून पालकांना मी आवर्जून सांगतो, पहिली बेस जुनी घ्यायला लाजू नका. मात्र घेण्याआधी नेक डोळ्यासमोर धरून बाण तपासतात तशी तपासा. वाक थोडा असेल तर आतली ट्रस रॉडची सळई फिरवून निघतो, पण पीळ पडला असेल तर नमस्कार करून परत या. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट दाबून वाजवा, बटणं फिरवून खरखर ऐका, वायर हलवून आवाज तुटतो का ते पाहा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, विकणाऱ्याला वाजवून दाखवायला सांगा.

जुनी घेण्याला आणखी एक कारण आहे. बेसच्या पट्टीसाठी शिसवीचं लाकूड वापरतात आणि त्यातलं पुष्कळसं आपल्या देशातलं असतं. या जातीची झाडं जगभर इतकी तोडली गेली, की २०१७ साली शिसवीच्या साऱ्या भाईबंदांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले. तयार वाद्यांना त्यातून २०१९मध्ये सूट मिळाली, पण झाड काही सूट मिळाली म्हणून लवकर वाढत नाही. एका गिटारमध्ये अडकलेली शिसवी भिंतीवर टांगून ठेवायची आणि शिकणाऱ्या मुलासाठी दुसरं झाड पाडायचं, हा व्यवहार मला पटत नाही.

दोन वर्षांपूर्वी वसईकडच्या एका वादकमित्राच्या पत्नीचा फोन आला. मित्र जाऊन सहा महिने झाले होते. ‘भाऊ, तुम्हीच सांगा, ही कितीला द्यायची?’ वाद्य जुनं, परदेशी आणि उत्तम होतं. दोघं पाहायला आले. एक कॉलेजात शिकणारी मुलगी, वडिलांबरोबर. तिनं अर्धा तास वाजवली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. घरात सहा महिन्यांनी तो आवाज झाला होता. दुसरे गृहस्थ व्यापारी. त्यांनी तारेला हातही लावला नाही, मागचा नंबर पाहिला आणि मुलीच्या वडिलांना परवडणाऱ्या किमतीच्या दुप्पट रक्कम सांगितली. ऑफिसच्या भिंतीवर लावायची होती.

‘तिलाच द्यावी असं वाटतं हो,’ वहिनी म्हणाल्या, ‘पण हॉस्पिटलचं कर्ज आहे.’

मी म्हटलं, ‘वहिनी, ज्यांनी जास्त सांगितले त्यांना द्या.’ आजही मी तोच सल्ला देईन. ज्या माणसानं आयुष्यभर पाकिटातल्या मानधनावर घर चालवलं, त्याच्या बायकोला ‘कलेसाठी कमी पैसे घ्या’ असं सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही. मध्यंतरी मी त्या ऑफिसात गेलो होतो. बेसवर पिवळा दिवा सोडला आहे, छान दिसते. तारांवर गंज चढला आहे.

म्हणून माझं म्हणणं विकणाऱ्याला उद्देशून नाही. विकणाऱ्यानं योग्य ती किंमत घ्यावी, ती त्याच्या घामाची आहे. जबाबदारी घेणाऱ्याची आहे. पैसे मोजले की वाद्याचं लाकूड आपलं होतं. त्याचा आवाज आपला होतो तो वाजवल्यावर किंवा दुसऱ्याला वाजवायला दिल्यावर. पाश्चात्त्य संगीतात ही रीत आहे. जपानच्या निप्पॉन म्युझिक फाउंडेशनकडे कोट्यवधींची स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिनं आहेत आणि ही संस्था ती वादकांना वाजवायला देते. मालकी संस्थेची, आवाज सगळ्यांचा. आपल्याकडेही गुरूचा तानपुरा शिष्याकडे जातो, मिरजेला जाऊन त्याची जवारी निघते आणि तो पुन्हा मैफिलीत येतो. व्हायोलिनला आणि तानपुऱ्याला जे जमतं, ते चार तारांच्या गिटारला जमायला काय हरकत आहे? ज्याच्याकडे पाच बेस आहेत त्यानं दोन कॉलेजच्या बँडला वर्षभर द्याव्यात. मंडळानं डीजेच्या भिंतींवरचा थोडा खर्च वाचवून एक बेस आणि एक अँप घेऊन ठेवावा. सोसायटीतली मुलं आपोआप त्याच्याभोवती जमतील. मोहिनी डे ही मुंबईची मुलगी आज जगभरच्या मंचांवर बेस वाजवते. तिचे वडील स्वतः बेसवादक. घरात वाद्य हाताशी होतं आणि त्याला हात लावायची मुभा होती, हे विसरून चालणार नाही.

मॅकार्टनीची ती ३० पौंडांची हॉफ्नर १९७२ साली लंडनमध्ये एका गाडीतून चोरीला गेली होती. पन्नासहून अधिक वर्षांनी, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर एका घराच्या माळ्यावर ती सापडली आणि २०२४च्या फेब्रुवारीत ती खरीच असल्याची खात्री झाली. तिची किंमत किती कोटी होईल यावर तेव्हा रकाने भरून आले. जेमर्सनची प्रिसिजन तेवढी नशीबवान ठरली नाही. १९८३ साली तो वारला, त्याच्या थोडं आधी तीही चोरीला गेली आणि अद्याप मिळालेली नाही. कुणाच्या तरी माळ्यावर ती अजून असेलही.

माळे आपल्याही घरात आहेत. यंदा दिवाळीच्या साफसफाईत एखादी काळी लांबट पेटी किंवा धूळ खाल्लेलं कव्हर हाती लागलं, तर किंमत जरूर विचारा. पण त्याआधी नव्या तारांचा एक संच आणा आणि आसपासच्या एखाद्या वाजवणाऱ्या मुलामुलीला घरी बोलवा. खर्ज भिंतीतून जातो, त्यामुळे शेजारी थोडी कुरकुर करतील. करू द्यात.