कंडक्टरचं मन आणि कंडक्टरची भूक

खोपटच्या एसटी आगारापासून दोन मिनिटांवर एका सद्गृहस्थांनी परवा आहारावर तासभर व्याख्यान दिलं. त्याचं सार असं: भूक हा मनाचा चाळा. पोट भरल्यावरही खावंसं वाटतं तो माणूस दुबळ्या मनाचा. उष्मांक मोजा, तोंड आवरा. डाळ-उसळीत दम नाही, प्रथिनांची पावडर घ्या.

पावडरीचं एका वाक्यात सांगते. 100 ग्रॅम कच्च्या तूरडाळीत 20 ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात.

पण 'दुबळं मन' हे मला सहन होत नाही. पहाटेच्या गाडीवर निघालेला कंडक्टर अकराला उभ्याउभ्या दोन वडापाव खातो. कागदाला चिकटलेली लसणाची चटणीसुद्धा पावाच्या तुकड्याने टिपून घेतो. साडेबाराला पोटात पुन्हा कावळे. त्याच्याच गाडीवरचा, घरून पिठलं-भाकरी आणणारा ड्रायव्हर दोनपर्यंत खाण्याचं नाव काढत नाही. या दोघांत मन कुणाचं दुबळं?

पोट भरणं आणि भूक भागणं यांचा हिशेब मेंदू वेगवेगळा ठेवतो. जठर ताणलं की व्हेगस मज्जातंतूवरून निरोप जातो, पण तो फार टिकत नाही. प्रथिनं पचून अमिनो आम्लं झाली की आतड्यातून भूक शमवणारी संप्रेरकं सुटतात. शिवाय मेंदूतलं हायपोथॅलॅमस स्वतः ही आम्लं पारखतं. 2017 साली वॉरिक विद्यापीठात निकोलस डेल आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूत दाखवलं, की तिथल्या टॅनिसाइट नावाच्या पेशी आर्जिनीन आणि लायसीन ही अमिनो आम्लं ओळखतात. त्यासाठी त्या जे ग्राही वापरतात, त्यातले काही जिभेवर उमामी चव ओळखणारेच! मैद्याचा पाव, उकडलेला बटाटा, वर बेसनाचं पातळ आवरण. यात लायसीन कितीसं? निरोपच अपुरा पोचला, तर माणसाने मन घट्ट करून काय करायचं?

हा वाद मला नवा नाही. वीस वर्षांपूर्वी आमच्या शिक्षक-खोलीत एकाने मुलांच्या शाळेतल्या खिचडीबद्दल हेच ऐकवलं होतं: पोट भरतंय ना, मग कडधान्याचे लाड कशाला? चौथ्या तासाला बाकावर डोकं टेकणारी मुलं मी रोज पाहत होते. तेव्हा गप्प बसले, त्याची चुटपुट अजून आहे.

खरं तर खिचडीत कडधान्य का हवं, याचं उत्तर तेव्हाही होतं. कमला सोहोनी केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन आल्या आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेत कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम करत राहिल्या. आपल्या ताटाचं शास्त्र आपल्याच भाषेत मांडायलाही त्या कमी पडल्या नाहीत. तांदळात कमी असलेलं लायसीन डाळ देते, डाळीतलं अपुरं मेथिओनीन तांदूळ भरून काढतो.

माझं मागणं एवढंच: आगाराबाहेर वड्याच्या कढईशेजारी मटकीच्या उसळीचं पातेलं असावं, आणि ड्युटीत बसून जेवायला वीस मिनिटं मिळावीत. त्या कंडक्टरला विचारलं, उसळ मिळाली तर घ्याल का?

"घेतो ना मॅडम, पण टेकायला वेळ कुठाय?" म्हणाला, हात पँटला पुसले आणि डबल बेल दिली.